लाटेची उंची आणि शासनाची भाषा

दर वर्षी पावसाळा तोंडावर आला की मुंबई महानगरपालिका मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध करते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोणत्या तारखेला, किती वाजता, साडेचार मीटरहून अधिक उंचीची भरती येणार याचा तो तक्ता असतो. यादी उपयुक्त आहे आणि ती वेळेवर निघते, हे प्रशासनाचे श्रेयच म्हटले पाहिजे. पण दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते ती 'समुद्रात साडेचार मीटरच्या लाटा उसळणार' अशा थाटाची. भरती आणि लाट या दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाने सांगितल्या जातात, वाचणारा त्या तशाच समजून घेतो, आणि ही चूक दुरुस्त करावी असे कोणत्याही कार्यालयाला वाटत नाही. वरवर पाहता हा शब्दांचा किरकोळ घोळ आहे. माझ्या मते किनाऱ्यावरच्या सुरक्षिततेचा आपला बराचसा गोंधळ याच घोळातून सुरू होतो.

भरतीची उंची लाटेच्या माथ्याशी संबंधित नसते. ती समुद्राच्या नकाशावरील एका ठरावीक तळरेषेपासून मोजतात आणि ही रेषा सर्वांत खालच्या ओहोटीच्या आसपास धरलेली असते. मुंबईत समुद्राची सरासरी पातळी या रेषेच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती याचा अर्थ पाणी सरासरीपेक्षा सव्वादोन मीटरच्या आसपास चढले एवढाच. तेही सहा तासांत, संथपणे. चंद्रसूर्याच्या गणितावरून ही भरती काही वर्षे आधीही सांगता येते. २६ जुलै २००५ रोजी मुंबई बुडाली, त्या दिवशीची भरती ४.४८ मीटर होती. तिने घात केला तो नाल्यांचे पाणी समुद्रात जाण्याची वाट अडवून. लाटेचे काम निराळे. ती वाऱ्यातून जन्मते, भरतीच्या पाण्यावर स्वार होऊन येते, आणि तिचे वेळापत्रक पंचांगात सापडत नाही.

या घोळाचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. यादीतल्या दिवशी माणूस मरीन ड्राइव्हवर जातो, पाणी कठड्यापर्यंत चढलेले पण शांत दिसते, आणि 'सरकारच्या इशाऱ्यात काही तथ्य नाही' असे मनाशी ठरवून तो परततो. उलट एखाद्या दिवशी भरतीचा आकडा लहान असतो, आकाश स्वच्छ असते, वाराही पडलेला असतो, आणि तरीही दूरवरून आलेली लाट किनाऱ्यावर आदळत असते. त्या दिवसाबद्दल यादीत एक अक्षरही नसते. जुलै २०२३ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडवर खडकावर बसलेली एक स्त्री लाटेने ओढून नेली, तिच्या मुलांच्या देखत. अशा घटनेनंतर आपण म्हणतो, 'लाट अचानक आली'. लाट खरोखर अचानक येते का, आणि ती तशी वाटू नये म्हणून प्रशासन काय करू शकते, हे दोन प्रश्न या लेखाचा विषय आहेत.

दिल्लीत बसून समुद्राविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. त्याची दोन कारणे आहेत. एक, समुद्राच्या अंदाजांविषयीची धोरणे लोधी रोडवर ठरतात. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचे पृथ्वी भवन आणि हवामान खात्याचे मौसम भवन, दोन्ही तिथेच आहेत. दुसरे कारण अधिक घरगुती आहे. गेल्या काही वर्षांत कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर कयाक आणि उभ्याने वल्हवायच्या फळ्या दिसू लागल्या. त्या भाड्याने घेणाऱ्यांत दिल्ली, गुरगाव आणि नोएडाची मंडळी पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी कित्येकांनी पहिल्यांदा वल्हे हाती धरले ते सोहन्याजवळच्या दमदमा तलावासारख्या स्थिर पाण्यावर. दिल्लीच्या शाळांना उन्हाळ्याची सुटी लागते मेच्या मध्याला, आणि इथल्या मराठी कुटुंबांची गावाकडची वारीही तेव्हाच निघते. नेमक्या याच सुमारास दक्षिणेकडच्या दूरच्या लाटा आपल्या किनाऱ्याला लागत असतात आणि मोसमी वारे उंबरठ्यावर असतात. ज्याला समुद्राची सवय नाही तो माणूस, आणि जेव्हा समुद्र सर्वांत फसवा असतो तो महिना, यांची गाठ आपल्या सुट्यांचे वेळापत्रकच घालून देते.

आता लाटेविषयी. अंदाजात लाटेची म्हणून जी उंची सांगतात, ती सर्वांत मोठ्या लाटेची उंची नसते. ठरावीक वेळात आलेल्या लाटांपैकी सर्वांत उंच अशा एक तृतीयांश लाटा घेऊन त्यांची सरासरी काढतात आणि तिलाच लाटेची 'लक्षणीय उंची' म्हणतात. अनुभवी खलाशी समुद्राकडे बघून जो अदमास सांगतो, त्याच्याशी हा आकडा साधारण जुळतो, म्हणून तो रूढ झाला. मात्र सरासरी म्हटले की तिच्या वरचेही कोणीतरी आलेच. खोल पाण्यातल्या लाटांचे संख्याशास्त्र असे सांगते की साधारण नव्वद लाटांमागे एक लाट या उंचीच्या दीडपट असते, आणि तीन हजारांत एक लाट दुपटीहून मोठी असते. दर दहा सेकंदांनी एक लाट येत असेल, तर दीडपट लाट पंधरा मिनिटांतून एकदा येईल आणि दुप्पट लाट सुमारे आठ तासांतून एकदा. म्हणजे अंदाजात 'दीड मीटर' लिहिले असताना दिवसभरात एखादी तीन मीटरची लाट येणे हा अपघात नाही, ते त्या अंदाजातच अभिप्रेत आहे. फक्त ते कोणी मराठीत सांगितलेले नसते.

समुद्रशास्त्रात लक्षणीय उंचीच्या दुपटीहून मोठ्या लाटेला स्वतंत्र नाव आहे आणि तिचा इतिहास प्रशासकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. अशा राक्षसी लाटांच्या हकिकती खलाशी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आणि शहाणी माणसे त्या कथा म्हणून सोडून देत आली. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या ड्रॉपनर नावाच्या नॉर्वेजियन वायुफलाटावरील उपकरणाने २५.६ मीटरची एक लाट मोजली. तेव्हा भोवतालच्या लाटांची लक्षणीय उंची सुमारे १२ मीटर होती. त्या एका नोंदीने वाद मिटवला. दर्यावर्दी माणसाचे सांगणे आणि उपकरणाची नोंद यांत आपण किती अंतर ठेवतो, याचा विचार आपल्या मच्छीमारांच्या बाबतीतही व्हायला हवा.

कयाकवाल्याला मात्र ड्रॉपनरची भीती बाळगण्याचे कारण नाही. त्याला धोका आहे तो किनाऱ्याजवळच्या, अंदाजापेक्षा दीड-दोन पट मोठ्या लाटेचा. लाट साधारण स्वतःच्या उंचीच्या सव्वा ते दीड पट खोलीच्या पाण्यात फुटते. दीड मीटरची लाट सुमारे दोन मीटर खोलीवर फुटत असेल, तर तीन मीटरची लाट चार मीटर खोलीवरच फुटेल. कोकणातल्या मंद उताराच्या पुळणीवर, जिथे पन्नास मीटर आत गेल्यावर खोली एका मीटरने वाढते, तिथे या दोन जागांत शंभर मीटरचे अंतर पडते. फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे, शांत पाण्यात आपण सुरक्षित बसलो आहोत असे ज्याला वाटत असते, त्याची जागा मोठी लाट आली की एकाएकी फेसाच्या पट्ट्यात येते. तो हललेला नसतो, पट्टाच त्याच्यापर्यंत सरकलेला असतो.

दुसरी गोष्ट दोन लाटांमधल्या वेळाची. आपल्याकडे इशाऱ्याच्या बातमीत उंची तेवढी छापतात. पण एक मीटरची लाट सहा सेकंदांनी येते की सोळा सेकंदांनी, यात जमीनअस्मानाचा फरक आहे. लाटेने किनाऱ्याकडे आणलेली शक्ती उंचीच्या वर्गाच्या आणि या कालावधीच्या प्रमाणात असते. म्हणजे सोळा सेकंदांची लाट तेवढ्याच उंचीच्या सहा सेकंदांच्या लाटेपेक्षा अडीच पटींहून अधिक शक्ती घेऊन येते, आणि उथळ पाण्यात तिची उंचीही अधिक वाढते. खोल समुद्रात ती नजरेला जेमतेम जाणवते, आणि खडकावर चढते तेव्हा तीच लाट माणसाला उचलून नेते.

तिसरी गोष्ट, लाटा एकसारख्या येत नाहीत, गटागटाने येतात. पाच-सात मोठ्या लाटा, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा मोठा गट. किनाऱ्यावर पोहोचणारा पर्यटक बहुधा शांततेच्या वेळी पाण्याकडे एक नजर टाकतो आणि लगेच आत शिरतो. 'अचानक' या शब्दाचा निम्मा उलगडा इथेच होतो. उरलेला निम्मा उलगडा लाटेच्या जन्मस्थानात आहे.

आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या लाटा दोन प्रकारच्या असतात. एक जवळच्या वाऱ्याने उठलेल्या, ज्या वाऱ्याबरोबर दिसतात आणि वाऱ्याबरोबर निवतात. दुसऱ्या दूरच्या, ज्यांना उठवणारे वादळ आपल्याला कधीच दिसत नाही. दक्षिण हिंदी महासागरात, अंटार्क्टिकाच्या अलीकडच्या पट्ट्यात उठलेली सोळा-अठरा सेकंदांची लाट दिवसाला हजार-बाराशे किलोमीटर चालते आणि पाच-सहा दिवसांनी, सहा-सात हजार किलोमीटर अंतर कापून केरळच्या किनाऱ्याला लागते. तिथे तेव्हा ऊन पडलेले असते आणि पान हलत नसते. केरळच्या मच्छीमारांनी तिला 'कल्लक्कडल' म्हटले, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. २०१२ मध्ये युनेस्कोने हा शब्द शास्त्रीय वापरासाठी स्वीकारला. मच्छीमारांचा एक शब्द शास्त्राच्या परिभाषेत गेला, याचे कौतुक वाटते. कोकणच्या कोळी, गाबित, खारवी समाजांतले असे शब्द नीट गोळा करून इशाऱ्यांच्या भाषेत आणावेत, असे मात्र आपल्याला सुचलेले नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला 'उधाण' आणि अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला 'भांग' म्हणणारी ही भाषा शासकीय परिपत्रकापेक्षा खूपच काटेकोर आहे.

मे २०२४ मध्ये काय झाले ते पाहा. दक्षिणेकडे उठलेल्या लाटा केरळ आणि दक्षिण तमिळनाडूच्या किनाऱ्याला लागणार, असा इशारा हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने, म्हणजे इन्कॉइसने, आधीच दिलेला होता. शास्त्राने आपले काम चोख केले होते. तरीही ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात गणपतिपुरमजवळच्या किनाऱ्यावर वैद्यकीय शाखेचे पाच विद्यार्थी बुडाले. वादळ नव्हते. इशारा होता, पण तो आणि ही मुले यांची गाठ पडली नाही. प्रशासनाने अभ्यास करावा तो या न पडलेल्या गाठीचा.

हा प्रकार दक्षिणेपुरता आहे असे समजून कोकणाने निर्धास्त राहू नये. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हिवाळ्यात अरबस्तानाकडे 'शमाल' नावाचे वायव्येचे वारे सुटतात, आणि त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून रत्नागिरी आणि गोव्यापर्यंत पोहोचतात, असे त्यात दिसून आले. म्हणजे डिसेंबर ते मार्च, ज्याला आपण पर्यटनाचा सुरक्षित हंगाम म्हणतो, त्यातही आकाश निरभ्र असताना समुद्र खवळू शकतो. वाऱ्यावरून समुद्र ओळखणाऱ्या नवख्याची इथे फसगत होते.

मग आपल्याकडे यंत्रणा कोणती आहे? इन्कॉइसची स्थापना १९९९ मध्ये झाली आणि आता ती पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर, २००७ मध्ये, तिथे त्सुनामी इशारा केंद्र उभे राहिले आणि त्याची गणना जगातल्या चांगल्या केंद्रांत होते. लाटांची उंची, कालावधी, दिशा यांचे अंदाज ती संस्था रोज देते. लाटा मोजणारे तरंगते बोये रत्नागिरी आणि कारवारसारख्या ठिकाणी तिने ठेवलेले आहेत. सात मीटरपर्यंत रुंदीच्या लहान नौकांसाठी तिची वेगळी इशारासेवा आहे, आणि तीत लाटेच्या उंचीबरोबर तिचा चढ, दिशांचा विस्कळीतपणा आणि वाऱ्याने समुद्र किती झपाट्याने बदलतो आहे हेही विचारात घेतात. थोडक्यात, माहितीची वाण नाही. वाण आहे ती माहितीला धनी मिळण्याची.

मच्छीमाराला मत्स्यव्यवसाय विभाग आहे, त्याची संस्था आहे, बंदरावर लागणारा बावटा आहे. व्यापारी जहाजाला नौवहन महासंचालनालय आहे. पण दोन तासांसाठी कयाक घेणारा पर्यटक कोणाचा? जलक्रीडेचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. साहसी पर्यटनाची नोंदणी, २०२१ च्या धोरणानुसार, पर्यटन संचालनालयाकडे. किनाऱ्याची स्वच्छता आणि वाहनतळ ग्रामपंचायतीकडे. बंदोबस्त पोलिसांकडे. आपत्ती जिल्हाधिकाऱ्यांकडे. प्रत्येकाकडे फाइलचा एकेक तुकडा आहे. 'आज सकाळी या किनाऱ्यावर कयाक उतरवू नका' हे वाक्य उच्चारण्याची जबाबदारी त्यांपैकी कोणाचीच नाही. हे वाक्य उच्चारले गेले नाही म्हणून कोणाला जाब विचारता येत नाही, आणि ज्या कामाचा जाब कोणाला द्यावा लागत नाही ते काम होत नाही, हा प्रशासनातला जुना अनुभव आहे.

अशा पोकळीत दुर्घटना घडली की आपला हात सवयीने बंदीकडे जातो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातले १४ तरुण विद्यार्थी बुडाले. त्यामागे लाट किती, प्रवाह किती, भरती-ओहोटीचा फेर किती, या वादात मी पडत नाही. पण त्यानंतर चर्चा झाली ती सहलींवर कोणते निर्बंध घालायचे, हमीपत्रे कोणाकडून घ्यायची याची. मुलांना समुद्र वाचायला कसे शिकवायचे ही चर्चा फारशी झाली नाही. एरवी जिल्हा प्रशासन जमावबंदीचा आदेश काढते. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. आदेशामुळे कागद पूर्ण होतो आणि एका किनाऱ्यावर शिपाई उभा राहतो. पर्यटक मात्र दोन किलोमीटर पुढच्या, शिपाई नसलेल्या किनाऱ्यावर जातो, आणि तो किनारा बहुधा अधिक धोक्याचा असतो.

बंदी कधीच नको असे माझे म्हणणे नाही. पावसाळ्यात जलक्रीडा बंद ठेवणे योग्यच आहे. परंतु सरसकट बंदी माणसाला काही शिकवत नाही, आणि ती उठली की सारे सुरक्षित झाले असा उलटा समज मात्र पक्का करते. इशारा त्या दिवसापुरता, त्या जागेपुरता आणि कारणासहित असेल, तर ऐकणारा पुढच्या वेळी स्वतः विचार करू लागतो.

इतर देशांनी काय केले? अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, ओरेगॉनसारख्या राज्यांत, तिथली राष्ट्रीय हवामान सेवा अशा चोरट्या लाटांसाठी किनाऱ्यावर फिरणाऱ्यांना उद्देशून स्वतंत्र इशारा देते. तो जहाजांसाठी नसतो, वाळूत उभ्या असलेल्या माणसासाठी असतो. आइसलँडमधल्या रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर पर्यटक बुडू लागले, तेव्हा तिथे लाटांच्या अंदाजाशी जोडलेले दिवे लावले. पिवळा असता कोठवर जावे आणि लाल असता कोठे थांबावे हे फलकावरच लिहिलेले असते. त्याने मृत्यू पूर्णपणे थांबले नाहीत, पण प्रश्न 'जाऊ की नको' यावरून 'आज कोठवर जाऊ' यावर आला. आणि फार दूर कशाला जा, गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले. लाल-पिवळ्या झेंड्यांमधला पट्टा पोहण्यासाठी, लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरू नका, ही भाषा तिथला शेंगदाणे विकणारा मुलगाही जाणतो. सिंधुदुर्गाची हद्द ओलांडली की ही भाषा एकाएकी बंद व्हावी, याला भूगोलात काही आधार नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो रास्त आहे. किनारा लांब, मनुष्यबळ अपुरे, आणि लोक फलक वाचत नाहीत. वाळूच्या प्रत्येक तुकड्यावर जीवरक्षक नेमणे महाराष्ट्राला परवडणारे नाही, हे मान्य. पण मी सुचवतो आहे त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा फारसा लागत नाही.

पहिली, भाषेची शुद्धी. महापालिका, जिल्हा माहिती कार्यालये आणि आपत्ती कक्ष यांनी 'भरतीची उंची' आणि 'लाटांची उंची' हे दोन आकडे नेहमी वेगळे द्यावेत आणि एकाच्या जागी दुसरा शब्द छापला गेल्यास त्याच दिवशी दुरुस्ती कळवावी. लाटांचा आकडा देताना 'एखादी लाट याच्या दुप्पट असू शकते' हे वाक्य आणि दोन लाटांमधला कालावधी सक्तीने द्यावा.

दुसरी, जबाबदारी. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतातच. नव्या कायद्याची गरज नाही. त्यांनी गर्दीच्या प्रत्येक किनाऱ्यासाठी एका अधिकाऱ्याचे नाव आदेशाने निश्चित करावे. रोज सकाळी इन्कॉइसचा अंदाज पाहून झेंड्याचा रंग ठरवणे आणि त्याची नोंदवहीत नोंद करणे हे त्याचे काम. नोंदवही असली की दुर्घटनेनंतर प्रश्न विचारता येतो, आणि प्रश्न विचारला जाणार हे ठाऊक असले की झेंडा वेळेवर लागतो.

तिसरी, परवाना. कयाक किंवा फळी भाड्याने देणाऱ्याच्या परवान्यात अट असावी की त्याने त्या दिवसाचा अंदाज दर्शनी भागी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहून ठेवावा, आणि लाल झेंडा असताना नौका देऊ नये. मालवण-तारकर्लीचे व्यावसायिक बहुतेक मच्छीमार कुटुंबांतलेच आहेत. समुद्र त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. 'आज नाही' म्हणताना गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाईल ही त्यांची भीती असते. नियम सर्वांना सारखा असला की ती भीती उरत नाही.

चौथी, दिल्लीतले काम. इशारे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडून राज्यांना, मच्छीमारांना आणि बंदरांना जातात. पर्यटन मंत्रालयाने त्याच साखळीत हॉटेले, प्रवासी कंपन्या आणि साहसी क्रीडासंस्था यांना जोडून घ्यावे. मेच्या सुटीत कोकणात निघालेल्या दिल्लीकर कुटुंबाला विमानाच्या तिकिटाबरोबर सामानाच्या वजनाचे नियम मिळतात. त्या आठवड्यात समुद्र कसा आहे याच्या दोन ओळी मिळायला कोणतीही तांत्रिक अडचण नाही.

हे सारे होईतो वल्हे हाती घेणाऱ्याने काय करावे? पाण्यात उतरण्यापूर्वी किमान वीस मिनिटे समुद्राकडे नुसते पाहत उभे राहावे. नव्वद लाटांचा हिशोब आठवला तर हा वेळ का हवा ते कळेल. दोन मोठ्या लाटांमधले सेकंद मोजावेत. बारा-तेराहून अधिक भरले तर ती दूरची लाट आहे असे समजून नवख्याने तो दिवस सोडून द्यावा. किनाऱ्यावरच्या तांडेलाला विचारावे आणि तो 'नको' म्हणाला तर वाद घालू नये. खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी जाऊ नये, कारण बाहेर धावणारे पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर आली की लाट उभी राहून फुटते. जलदुर्गांच्या तटाला आणि खडकांना लगटून कयाक नेऊ नये, तिथे परतणारी लाट येणाऱ्या लाटेत मिसळून पाणी कसेही उसळते. जीवरक्षक जाकीट अंगावर बांधलेले असावे, कयाकमध्ये ठेवलेले नव्हे. एकट्याने जाऊ नये. मोठी लाट समोर दिसलीच तर पाठ फिरवून किनाऱ्याकडे पळण्यापेक्षा, ती फुटण्यापूर्वी नाक तिच्याकडे करून तिला सरळ सामोरे जावे. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन क्रमांक निघण्यापूर्वी किनाऱ्यावर थांबणाऱ्या सोबत्याकडे असावेत.

समुद्र धोकादायक आहे म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवावी, असे सांगणारे सल्लागार पुष्कळ मिळतील. ज्या प्रांताने आरमार उभारले, ज्याच्या किनाऱ्यावर सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग उभे आहेत, त्या प्रांतातल्या मुलांनी समुद्र फक्त कठड्यावरून पाहावा हे मला पटत नाही. त्यांनी वल्हे हाती घ्यावे, पण समुद्र वाचायला शिकून. मोठ्या लाटा येतच राहणार आणि त्या आपल्या आदेशाने थांबणार नाहीत. ती लाट येणार हे हैदराबादला दोन दिवस आधी कळलेले असताना मालवणच्या पुळणीवर उभ्या असलेल्या मुलीला ते कळू नये, हा दोष समुद्राचा नाही. येत्या मेपूर्वी किनारपट्टीच्या सात जिल्ह्यांपैकी एका जिल्ह्याने जरी नोंदवही आणि झेंडा सुरू केला, तरी बाकीच्या सहांना ते करणे अशक्य होते असे म्हणता येणार नाही.